उंदराच्या लघवीतला ताळेबंद आणि पेस्ट लावणारे हात

'पेपर वाचूया' या सदरात आज दोन जुने शोधनिबंध घेतलेत, एक १९८४चा आणि एक १९९१चा. दोन्हींचा विषय एकच. हायड्रोजन सायनामाइड नावाचं रसायन शरीरात गेलं की पुढे त्याचं काय होतं, आणि ते कोणत्या रूपात बाहेर पडतं.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या वाचकांना या रसायनाची ओळख करून द्यायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जी 'पेस्ट' लावतात, दुकानात डॉर्मेक्स म्हणून जी बाटली मागतात, ती हीच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. झोपेतून उठायला तिला थंडी लागते. ती आपल्याकडे पुरेशी मिळत नाही, म्हणून तिला रसायनाने उठवावं लागतं.

दोन्ही निबंध चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकते. माझी तक्रार आहे ती अशा अभ्यासांच्या एका जुन्या सवयीबद्दल, आणि ती सवय आपण वाचकांनीही उचलली आहे त्याबद्दल. सवय अशी की, रसायन शरीराबाहेर पडलं म्हणजे प्रकरण संपलं.

आधी पद्धत समजून घेऊ

परकं रसायन शरीरात कुठे जातं हे शोधायची पद्धत दिसायला अगदी हिशेबनिसाची आहे. रसायनाच्या रेणूत एका साध्या कार्बन अणूऐवजी किरणोत्सारी कार्बन-१४ बसवायचा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने रेणू तोच, पण आता त्याला खूण आहे. हे रसायन उंदराला मोजून पाजायचं आणि त्याला अशा पिंजऱ्यात ठेवायचं, जिथे लघवी एका भांड्यात आणि विष्ठा दुसऱ्या भांड्यात पडते. गरज असेल तर श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही पकडायचा. शेवटी उंदीर मारून यकृत, मूत्रपिंड, चरबी, रक्त, सगळ्यात किती खूण उरली ते मोजायचं. पिंजरा धुतलेलं पाणीसुद्धा टाकून द्यायचं नाही, त्याचाही हिशेब लागतो.

मग बेरीज करायची. १०० रुपये दिले होते, तर लघवीत किती, विष्ठेत किती, श्वासात किती, अंगात किती? बेरीज ९०च्या आसपास किंवा वर आली की ताळेबंद जुळला असं धरतात.

या कामाची आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणजे ओईसीडीची ४१७ क्रमांकाची मार्गदर्शिका. ती २०१०मध्ये सुधारली गेली. प्रत्येक मात्रेला निदान ४ प्राणी हवेत. दिलेल्या मात्रेपैकी ९५ टक्के बाहेर पडेपर्यंत किंवा ७ दिवस, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत गोळा करत राहायचं. आणि दिलेल्या मात्रेच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणात जो मेटाबोलाइट, म्हणजे शरीराने घडवलेला नवा पदार्थ, सापडेल तो नेमका कोणता ते ओळखायचं.

हा ५ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८४चा निबंध: चोख उत्तर

हा निबंध शिरोटा, नागासावा, क्वोन आणि डीमास्टर या चौघांचा. 'ड्रग मेटाबोलिझम अँड डिस्पोझिशन' या नियतकालिकात आला होता. निष्कर्ष मथळ्यातच आहे: उंदीर, ससा, कुत्रा आणि माणूस या चौघांच्याही लघवीत सायनामाइडचा मुख्य मेटाबोलाइट म्हणजे एन-ॲसिटिलसायनामाइड. शरीर सायनामाइडला एक ॲसिटिल गट चिकटवतं आणि मूत्रपिंडाच्या दारातून बाहेर ढकलतं. ही शरीराची नेहमीची युक्ती आहे, कितीतरी औषधांच्या बाबतीत ते हेच करतं.

आता या लोकांना सायनामाइडमध्ये रस का होता? द्राक्षासाठी नव्हे, दारूसाठी.

गोष्ट मागे १९१४पर्यंत जाते. कॅल्शियम सायनामाइड हे नत्रखत बनवणाऱ्या कारखान्यांत एक विचित्र प्रकार दिसायचा. तिथल्या कामगारांनी थोडीशी दारू घेतली तरी चेहरा लालबुंद व्हायचा, छाती धडधडायची, डोकं दुखायचं, श्वास लागायचा. कोएल्श या जर्मन डॉक्टरने हे नोंदवून ठेवलं. कारण नंतर कळलं. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं, पण आल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याची लगेच विल्हेवाट लावतं. सायनामाइड नेमकं याच एन्झाइमला अडवतं, मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. पुढे डॉक्टरांनी याचाच उपयोग केला आणि दारू सोडवण्यासाठी सायनामाइडची औषधं निघाली.

म्हणजे हे ज्ञान पहिल्यांदा आलं ते कामगाराच्या अंगातून. मग ते औषध झालं, मग उंदराच्या पिंजऱ्यात गेलं. हा क्रम ध्यानात ठेवा.

खूण कार्बनवर, इजा दुसरीकडे

आता टीकेचा पहिला मुद्दा. यासाठी थोडं रसायनशास्त्र सहन करा.

सायनामाइडच्या रेणूत कार्बनचा अणू एकच. खूण कुठे लावायची हा प्रश्नच येत नाही, लावाल तिथे तोच कार्बन. ती खूण घेऊन बहुतेक रसायन ॲसिटिलसायनामाइड होऊन लघवीत येतं. आणि गंमत म्हणजे हे ॲसिटिलसायनामाइड त्या एन्झाइमला अडवतच नाही. ते निरुपद्रवी केलेलं रूप आहे.

मग एन्झाइमला अडवतं कोण? याच संशोधकांनी पुढच्या काही वर्षांत ते उलगडलं. सायनामाइडचा एक छोटा हिस्सा दुसऱ्या वाटेने जातो. कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून बनणारा अस्थिर पदार्थ फुटतो आणि त्याचे दोन तुकडे होतात, सायनाइड आणि नायट्रॉक्सिल. आल्डिहाइड डिहायड्रोजिनेजला निकामी करतं ते हे नायट्रॉक्सिल.

नायट्रॉक्सिलमध्ये असतं काय? एक हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. कार्बन नाहीच! खूण लावलेला कार्बन दुसऱ्या तुकड्याबरोबर निघून गेला. ज्याने घाव घातला त्याच्या अंगावर खूणच नव्हती.

म्हणजे ताळेबंद अगदी चोख जुळू शकतो आणि तरीही मुख्य गोष्ट त्यात नसते. चोराने घरातली एकच किल्ली नेली आणि तुम्ही धान्याची पोती मोजून 'सगळं जागेवर आहे' म्हणालात, तसं हे. इजा करणारी वाट छोटी आहे आणि ५ टक्क्यांचा उंबरठा छोट्या वाटांसाठी नाही. किती रसायन कुठे गेलं, हे सांगायला ताळेबंद उत्तम. त्यातल्या कोणत्या हिश्श्याने काय केलं, हे विचारायला दुसरा प्रयोग लागतो. १९८४च्या लेखकांना हे माहीत होतं, म्हणून तर ते लघवीपाशी थांबले नाहीत. थांबतो तो नियमांसाठी लिहिलेला अहवाल, आणि तो वाचून 'झपाट्याने उत्सर्जित होते' एवढंच वाक्य पुढे नेणारे आपण.

१९९१चा निबंध: त्वचेचा प्रश्न

दुसरा निबंध मेर्टशेंक आणि सहकाऱ्यांचा, 'आर्काइव्हज ऑफ टॉक्सिकॉलॉजी'मधला. मला हा जास्त आवडतो, कारण इथे कोणीतरी शेतात काम करणाऱ्या माणसाचा विचार केलाय. त्यांनी उंदीर आणि माणूस, दोघांनाही हायड्रोजन सायनामाइड दोन वाटांनी दिलं, तोंडावाटे आणि त्वचेवाटे. मग लघवीतलं ॲसिटिलसायनामाइड मोजलं.

तोंडावाटे दिल्यावर उंदीर आणि माणूस बरेच जवळ आले. दोघांतही मात्रेच्या ४० टक्क्यांच्या आसपास भाग ॲसिटिलसायनामाइड म्हणून लघवीत उतरला. माणसाच्या त्वचेवर लावलं तेव्हा मात्र लघवीत आलेला भाग याहून पुष्कळ कमी होता. आणि जे काही यायचं ते काही तासांच्या हिशेबात बाहेर आलं.

हा निबंध दोन प्रकारे वाचता येतो.

पहिला प्रकार सोपा आहे: त्वचेतून फारसं आत जात नाही, गेलेलं लवकर बाहेर पडतं, तेव्हा काळजी नसावी. निबंधात असं म्हटलेलं नाही, पण आकडे एकटे सोडले की तेच बोलू लागतात.

दुसरा प्रकार म्हणजे प्रयोगातली त्वचा आणि बागेतली त्वचा शेजारी ठेवून पाहणं. प्रयोगात स्वयंसेवकाची अखंड, स्वच्छ त्वचा असते. मोजलेली मात्रा, ठरलेली जागा, ठरलेला वेळ, आणि एकच खेप. बागेत ऑक्टोबरची उकाड्याची दुपार असते. छाटणीत काड्यांनी ओरखडलेले हात, घामाने भिजलेली बाही, स्पंजातून मनगटाकडे ओघळणारं द्रावण. शिवाय हे रसायन स्वतःच त्वचेचा दाह करतं, म्हणजे ज्या भिंतीवर आपण भरवसा ठेवलाय तिलाच ते पोखरतं. बाटलीत ते जवळपास निम्म्या प्रमाणात असतं, आणि पाण्यात कालवणारा माणूस ते त्याच ताकदीत हाताळतो. काम एका दिवसाचं नसतं. एक बाग झाली की दुसरी. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्या टोळ्यांचं काम बरेचदा एकरी उक्त्या दराने चालतं, आणि उक्त्या कामात हातमोजे घालून सावकाश काम करणं परवडत नाही.

एका खेपेच्या प्रयोगातून रोजच्या खेपेचं उत्तर मिळत नाही. हा काही निबंधाचा दोष नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं त्याने नीट उत्तर दिलंय. पण आपला प्रश्न वेगळा आहे, तेव्हा त्याचं उत्तर उसनं घेताना तेवढं सांभाळायला हवं.

आणि इथेच पहिला मुद्दा परत येतो. रसायन काही तासांत लघवीतून निघून जातं, पण अडवलेलं एन्झाइम पूर्ववत व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. दुपारी पेस्ट लावून, हातपाय धुऊन, संध्याकाळी कोणी दोन घोट घेतले आणि चेहरा लाल होऊन छाती धडधडू लागली, तर घरचे काय म्हणतील? 'चढली.' दवाखान्यातही पेस्टचा विषय कोणी काढला नाही, तर नोंद दारूच्याच खात्यात पडेल. कारण अदृश्य आणि आरोप तयार! १९१४मध्ये कामगाराच्या अंगावर जे दिसलं होतं, ते इतक्या वर्षांनी त्याच्याच चारित्र्याचा दोष होऊन बसावं, हे मला फार खुपतं.

दुसरं रसायन, उलटी गोष्ट

नाशिकला द्राक्ष आणि रसायन म्हटलं की लोकांना पेस्ट आठवत नाही, २०१० साल आठवतं. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकरी त्याला लिहोसीन किंवा सीसीसी म्हणून ओळखतात, वेलीची नुसती शाकीय वाढ रोखायला ते वापरलं जायचं. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे निर्यातीसाठी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. माल अडकला, शेतकरी बुडाले, आणि गावोगावी दोन वाक्यं फिरू लागली. एक: 'युरोपने विष म्हणून फेकलेली द्राक्षं आपण खातोय.' दुसरं: 'हे सगळं व्यापाराचं राजकारण आहे.'

उंदराचा ताळेबंद इथे काय सांगतो? क्लोरमेक्वाट उंदराच्या आतड्यातून पटकन शोषलं जातं आणि बहुतांश जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. शरीर त्याला फारसं बदलत नाही. आणि ०.०५ हा आकडा मुळात विषाची रेघ नव्हताच. द्राक्षावर या रसायनाचा वापर तिथे मान्य नव्हता, म्हणून मर्यादा यंत्राला खात्रीने मोजता येईल एवढ्या खालच्या पातळीवर ठेवलेली. गहू आणि ओट्स लोळू नयेत म्हणून युरोपात हेच रसायन मारतात. तिथे त्याची मर्यादा किलोमागे काही मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे द्राक्षाच्या कितीतरी पट.

मग ते निर्धोक का? तसंही म्हणता येत नाही. २०२४मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ९६ जणांच्या लघवीचे नमुने तपासले, तेव्हा ८० टक्के नमुन्यांत क्लोरमेक्वाट सापडलं. जे रसायन एखाद्या दिवसात शरीराबाहेर जातं, ते इतक्या जणांत कसं सापडतं? कारण ते रोज नव्याने आत जातं, तिथे मुख्यतः धान्यातून. 'लवकर बाहेर पडतं' या वाक्याचा अर्थ 'साचत नाही' एवढाच. 'शरीरात नसतं' असा त्याचा अर्थ होत नाही. नळ चालू असेल तर मोरीचं भोक कितीही मोठं असो, मोरी ओलीच राहणार.

आता दोन्ही रसायनं शेजारी ठेवा. लिहोसीनवर गदारोळ झाला, कारण ते द्राक्षात सापडलं. पेस्टवर झाला नाही, कारण ती द्राक्षात सापडत नाही. ती लावतात तेव्हा घड जन्मालाही आलेला नसतो, काढणीला अजून काही महिने असतात. खाणाऱ्याच्या दृष्टीने पेस्टमध्ये घाबरण्यासारखं काही नाही, तेव्हा द्राक्षं खुशाल खा. पण लावणाऱ्याच्या दृष्टीने?

युरोपने याचं उत्तर स्वतःपुरतं दिलंय. इटलीच्या बागांमध्ये डॉर्मेक्स वापरणारे लोक आजारी पडल्याच्या नोंदी २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाल्या. २००८मध्ये युरोपीय आयोगाने हायड्रोजन सायनामाइडला मान्यता नाकारली. नाकारण्याच्या कारणांत ते हाताळणाऱ्या माणसाला होणारा धोका ठळक होता. म्हणजे तिथल्या कामगाराचा हात हिशेबात धरला गेला. आपल्या द्राक्षाची मात्र तिथल्या बंदरावर तपासणी होते ती फक्त फळाची. फळ स्वच्छ असेल तर माल पुढे जातो. ते पिकवताना दिंडोरीतल्या कोणाच्या मनगटावरून काय ओघळलं, हे मोजायची सोय त्या प्रयोगशाळेत नाही. अवशेष-तपासणी खाणाऱ्यासाठी बनली आहे, आणि ते काम ती करते. पण तेवढ्यावर 'आमची द्राक्षं युरोपच्या दर्जाची' म्हणताना दर्जा कोणासाठी, हेही सांगितलं पाहिजे.

हेच साधन नीट वापरलं तर

उंदीर-गाईंवरचे असे अभ्यास निरुपयोगी आहेत असं कोणी समजू नये, म्हणून एक उदाहरण. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं मेली आणि २००६मध्ये त्याचा जनावरांसाठीचा वापर भारतात बंद झाला. मग ॲसिक्लोफिनॅक पुढे आलं. २०१६च्या एका निबंधात संशोधकांनी ते गुरांना दिलं आणि रक्तात काय दिसतं ते पाहिलं. गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅकच होत होतं! २०२३मध्ये त्यावरही बंदी आली. अंजनेरीच्या कड्यावर घरटी करणाऱ्या गिधाडांना याचा फायदाच आहे.

तिथे प्रयोग अगदी साधा होता. मोठं होतं ते प्रश्न विचारण्यामागचं भान. औषध गाईला दिलं, पण प्रश्न विचारला तो गाईला खाणाऱ्याच्या वतीने.

मग करायचं काय

पेस्टच्या बाबतीत साधन तयारच आहे. ॲसिटिलसायनामाइड लघवीत मोजता येतं, हे १९८४ आणि १९९१ या दोन्ही निबंधांनी दाखवलंय. ते काही तासांत बाहेर पडतं, त्यामुळे कामाआधीचा एक आणि कामानंतरचा एक असे दोन नमुने पुरेसं सांगतील. कार्बन-१४ नको, पिंजरा नको, उंदीरही नको. हवेत ऑक्टोबरमधले काही दिवस, मजुरांची खरीखुरी संमती, आणि निकाल आधी त्यांनाच सांगायची तयारी. नाशिक जिल्ह्यात विज्ञान आणि फार्मसीची महाविद्यालयं आहेत, द्राक्षाचे अवशेष मोजणारी यंत्रं महाराष्ट्रात आहेत. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या वाचकांनी यावर जरूर विचार करावा.

तोवर बागायतदार वाचकांसाठी तीन गोष्टी, तिन्ही या निबंधांतूनच निघालेल्या. बाटलीतलं द्रावण कालवणाऱ्याला आणि पेस्ट लावणाऱ्याला धड हातमोजे द्या, आणि ते घालून जेवढं काम होतं तेवढ्याचाच दर धरा. पेस्टच्या आदल्या दिवसापासून, पेस्ट संपल्यावरही पुढचे काही दिवस दारू टाळायची, हे टोळीतल्या प्रत्येकाला कारणासकट सांगा. नुसतं 'पिऊ नका' कोणी ऐकत नाही, 'या औषधाने दारू अंगात सडते' म्हटलं तर ऐकतात. आणि कोणाला त्रास झालाच, तर डॉक्टरांना पेस्टच्या बाटलीवरचं नाव दाखवा.

त्या पिंजऱ्यांतल्या उंदरांनी त्यांच्याकडून मागितलेला हिशेब पूर्ण दिलाय. आपल्या बाजूचा रकाना अजून कोराच आहे.